अर्ध्या पुस्तकांचे बिराजदार सर

शाळेत अफवा अशी होती की बिराजदार सरांना वाचता येत नाही.

कुणी उठवली कोण जाणे. पण पाचवीत नव्याने आलेल्या पोराला टाकीचा चालू नळ कुठला हे कळायच्या आधी हे कळायचं. पुरावाही भक्कम होता. ग्रंथालयातल्या दोन हजार एकशे चाळीस पुस्तकांना सरांनी खाकी कव्हरं घातलेली, आणि पाठीवर पुस्तकाचं नाव नाही, नुसता नंबर. पोरांचा युक्तिवाद असा, की नाव लिहिलं असतं तर कधीतरी कुणीतरी विचारलं असतं, "सर, हे काय लिहिलंय?" आणि सरांचं पितळ उघडं पडलं असतं. नंबराला ती भीती नाही. नंबर काय, कुणालाही वाचता येतो. त्यात सर मंद्रूपकडचे, संस्थेच्या एका जुन्या संचालकांच्या गावचे. मग तर विषयच मिटला. वशिल्याने लागले, वाचता येईना, म्हणून पुस्तकांची तोंडं झाकून टाकली.

ही अफवा साफ खोटी आहे. गुरुशांत बिराजदार यांना वाचता येतं. मराठी येतं, कन्नड येतं, औषधाच्या बाटलीवरचं मुंगीएवढं इंग्रजीसुद्धा चष्मा कपाळावर सरकवून येतं. कव्हरं घातली ती पोरांच्या हातांच्या धास्तीने. खिचडी खाऊन आलेला हात बघितला की सरांच्या अंगावर काटा यायचा. तेव्हा अफवा विसरा. खरी गोष्ट अफवेपेक्षा वाईट आहे. सर प्रत्येक पुस्तक अर्धंच वाचतात.

अर्धं म्हणजे बरोब्बर अर्धं. एकशे शहात्तर पानांचं पुस्तक असलं तर अठ्ठ्याऐंशी. एकशे सत्त्याहत्तरचं असलं तरी अठ्ठ्याऐंशीच. वरच्या अर्ध्या पानाचा लाभ ते संस्थेला होऊ देत नसत. तिथे खाकी कागदाची बोटभर पट्टी घालायची आणि पुस्तक मिटायचं. कपाटातलं कुठलंही पुस्तक काढा, पोटात पट्टी. पट्टीच्या अलीकडची पानं सरांच्या बोटांनी मऊ झालेली, पलीकडची करकरीत. शब्दकोशही त्यांनी बरोब्बर मधे सोडून दिला होता.

याला कारण होतं, आणि ते कारण सर घरी अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगत.

सर अर्धवेळ ग्रंथपाल होते. साडेअकरा ते अडीच. अडीचला कपाटांना कुलूप, आणि मग मेहुण्याच्या भुसार दुकानात गल्ल्यामागे. शाळेचा पट हजारावर गेला की पूर्णवेळ करू, असं संस्थेने सांगितलेलं. सरांच्या पहिल्याच वर्षी पट नऊशे सत्त्याऐंशी झाला. त्या जूनमध्ये सर रोज सकाळी फाटकाशी उभे राहून पोरं मोजत. रिक्षातून दोन पोरं उतरली की चेहरा खुलायचा, त्यातलं एक नुसतंच भावाला सोडायला आलेलं निघालं की उतरायचा. तेरा कमी पडली. पुढच्या वर्षी शेजारी इंग्रजी माध्यमाची शाळा निघाली आणि पट जो घसरला तो घसरलाच. प्रस्ताव परत आला त्या दिवशी सर ग्रंथालयातल्या पहिल्याच पुस्तकाच्या पान अठ्ठ्याऐंशीवर, म्हणजे बरोब्बर मध्यावर होते. त्यांनी तिथे पट्टी घातली आणि मनाशी ठरवलं, पूर्णवेळ होईपर्यंत पुस्तकही पूर्ण वाचायचं नाही.

हा संप चौदा वर्षं चालला. संस्थेला कळला नाही, शिक्षण खात्याला कळला नाही, रोज त्याच खोलीत झाडू मारणाऱ्या शिपायालाही कळला नाही. कळला तो फक्त सरांच्या बायकोला, महादेवीकाकूंना, आणि त्यांनी त्याची जी किंमत करायची ती केली.

"जेवताना अर्धी भाकरी ठेवताय का ओ ताटात?" त्या म्हणाल्या. "तितं बरं पूर्णवेळ!"

"भाकरी येगळी, तत्त्व येगळं," सर म्हणाले आणि शेंगाचटणी मागितली.

आता अशा माणसाकडे पाचवी ते आठवीच्या पोरांना वाचनाची गोडी लावायचं काम होतं. गोडी लावण्यासाठी सरांनी चौदा वर्षांत एकच गोष्ट केली होती. दारावर पाटी लावली होती: 'पुस्तके हात धुऊन मागावीत.' एवढं करूनही कुणी हात धुऊन आलाच, तर पुढचा कार्यक्रम असा:

"काय पायजे?"

"गोष्टीचं पुस्तक."

"नंबर?"

"म्हाईत न्हाय सर."

"नंबर म्हाईत न्हाय, आन् पुस्तक पायजे! दुकानात जाऊन म्हणतोस का, डाळ द्या, कुटली ते म्हाईत न्हाय? हात दाव. उलटं कर. ही नखं हायत का कुदळी? जा."

पोरगं जायचं. सर समाधानाने कपाटाची काच पुसायचे. पुस्तकं सुरक्षित, पोरं सुरक्षित, मधे काच.

तर असं सगळं सुखाने चाललेलं असताना जुलैमध्ये वेणीमाधव अग्निहोत्री मुख्याध्यापक म्हणून बदलून आले. या गृहस्थांना दुसऱ्याने प्रश्न विचारलेला खपत नसे, म्हणून ते स्वतःच विचारत आणि स्वतःच उत्तर देत. पहिल्याच परिपाठात माइक हातात घेऊन म्हणाले, "आपण काय करणार आहोत? आपण वाचन चळवळ करणार आहोत. चळवळ म्हणजे काय? चळवळ म्हणजे उपक्रम. उपक्रम कोण करणार? आपण करणार." नऊशे पोरं उन्हात उभी. एक चक्कर येऊन पडला. अग्निहोत्री सर म्हणाले, "हा का पडला? नाश्ता केला नाही म्हणून पडला."

ऑगस्टमध्ये त्यांनी वाचन सप्ताह केला. फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर अग्निहोत्री सर मोठे आणि पुस्तक लहान. पाहुण्यांना टॉवेल आणि चादर दिली. पाहुण्यांनी आपण लहानपणी रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचायचो हे सांगितलं. असले पाहुणे दर वर्षी येतात; यांच्या लहानपणी दिव्याखाली जागा तरी कशी मिळत होती कोण जाणे. मग प्रत्येक पोराच्या हातात दहा मिनिटं एकेक पुस्तक दिलं, फोटो काढले, पुस्तकं परत घेतली. बिराजदार सर रांगेच्या टोकाला फडकं घेऊन उभे होते, परत आलेलं प्रत्येक कव्हर पुसत. सप्ताहाच्या शेवटी देवघेव रजिस्टरात सात नोंदी. त्यातली चार पुस्तकं अग्निहोत्री सरांनी भाषणासाठी नेलेली.

सोमवारी बिराजदार सरांना केबिनमध्ये बोलावणं आलं.

"बिराजदार, ग्रंथालय कुणासाठी असतं? वाचकांसाठी. वाचक कुठे आहेत? नाहीत. मग काय उरलं? खोली उरली. खोली कशाला लागते? तांदळाला लागते."

पोषण आहाराची पोती पाचवीच्या व्हरांड्यात असायची आणि उंदरांनी त्यांना भोकं पाडायला सुरुवात केली होती, हे खरं.

"सर, पुस्तकं कुटं जातील?" बिराजदार सरांनी विचारलं.

"पुस्तकं कुठे जातील? माळ्यावर. तुम्ही कुठे बसाल? ऑफिसात. काय कराल? शाळा सोडल्याचे दाखले लिहाल. पण मी अन्यायी आहे का? नाही. पंधरा ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आहे. तोपर्यंत दोनशे नोंदी दाखवा, खोली तुमची."

सर बाहेर आले. दाखले लिहायला त्यांची ना नव्हती. अक्षर चांगलं होतं. पण ग्रंथालयच नाही म्हटल्यावर ग्रंथपाल कसला, आणि ग्रंथपालच नाही तर पूर्णवेळ कुणाला करणार? म्हणजे चौदा वर्षांचा संप कुणी मोडलासुद्धा नाही, तो नुसता माळ्यावर जाणार. त्या दुपारी भुसार दुकानात त्यांनी एका बाईला तूरडाळीऐवजी हरभराडाळ बांधून दिली.

दुसऱ्या दिवसापासून सरांनी गोडी लावायचा प्रयत्न केला. तो बघण्यासारखा होता. दारात उभे राहून ते जाणाऱ्या पोरांना हाक मारत, "ए, बा इल्ली!" कन्नडात याचा अर्थ 'इकडे ये' एवढाच आहे, पण सरांच्या तोंडून तो 'सापडलास!' असा ऐकू यायचा. पोरं पळत सुटायची. एक जण सापडलाच. त्याला सरांनी आत बसवलं, पुस्तक पुढे ठेवलं, आणि तो पान कसं उलटतो हे बघत समोर उभे राहिले. थुंकी लावून उलटतो म्हटल्यावर पुस्तक काढून घेतलं.

सप्टेंबर अर्धा सरला. नोंदी एकोणीस.

मग दानेश्वरी हत्तुरे आली. आली म्हणजे पाठवली गेली. सहावी अ मधली ही पोरगी तासाला एवढी बडबडायची, की बाईंनी तिला सांगितलं, "जा, ग्रंथालयात जाऊन बस." आमच्याकडे ग्रंथालयाचा मुख्य उपयोग हाच होता. गप्प बसवायचं पोर तिथे टाकायचं. दानेश्वरी पंधरा मिनिटं गप्प बसली. तेवढं तिला आयुष्याला पुरलं असावं.

"काय बघायलीस?" सर म्हणाले.

"काय न्हाय सर. ह्यात काय हाय?"

"कशात?"

"सहाशे चौदात."

चौदा वर्षांत सरांना हे कुणी विचारलं नव्हतं. नंबर बरोबर सांगितला होता, तेव्हा हाकलायलाही कारण नव्हतं. सर खुर्चीवर बसले आणि सांगायला लागले. सांगण्याची पद्धत रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखी, चढ नाही उतार नाही. पण पान न पान तोंडपाठ.

"एक पोरगं हाय. मामा मारतोय त्येला. आपल्या केमसारखं एक बारकं स्टेशन. तितं मालगाडी थांबल्याली. पोरगं डब्यात चढून लपलं. बाहेरनं कुनीतरी दार सरकवून कडी घातलं. गाडी सुटली. आत ह्यो अंधार. आन् मग त्येला कळतंय, की आपन एकटंच न्हाय हितं. कोपऱ्यात कुनीतरी श्वास घ्यायलंय."

सर थांबले.

"मग?"

"मग साकु." साकु म्हणजे पुरे.

"पुढं सांगा की सर!"

"पुढचं मला म्हाईत न्हाय."

"म्हंजे? तुमी वाचला न्हाय?"

"अर्धं वाचलो."

"का?"

"मी अर्धवेळ हाय."

आजोबांनी कवळी काढून ग्लासात ठेवली की नातवंडं बघतात, तसं दानेश्वरीने सरांकडे बघितलं. मग न सांगता उठली, नळावर जाऊन हात धुतले, दोन्ही बाजूंनी दाखवले आणि सहाशे चौदा घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ती दारात हजर.

"सर, सांगू कोण होतं ते?"

इथे बिराजदार सरांपुढे मोठा पेच पडला. शेवट वाचायचा नाही हे ठरलेलं. ऐकायचा की नाही? त्यांनी तिला थांबवलं, काच पुसली, रजिस्टर सरळ केलं, आणि सगळ्या बाजूंनी विचार करून या निर्णयाला आले की संप वाचण्याचा आहे, ऐकण्याचा नाही. चौदा वर्षांत संपाच्या अटींत झालेली ही पहिली दुरुस्ती.

"सांग."

"बोकड!"

"काय?"

"बोकड होतं सर डब्यात! कुनाचं तरी बाजारात चाललेलं!"

चौदा वर्षं त्यांनी त्या अंधाऱ्या कोपऱ्यात एक खुनी बसवून ठेवला होता. त्याला दाढी दिली होती. कधीकधी दुकानात गल्ल्यावर बसल्याबसल्या त्या पोराची काळजी केली होती. आणि निघालं काय, तर बोकड.

"बोकड व्हय," ते शेवटी म्हणाले. आणि हसले. सरांचे दात शाळेने त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

दानेश्वरीने मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत जाहीर केलं, की बिराजदार सरांना एकाही पुस्तकाचा शेवट माहीत नाही. एकाही! तुम्ही वाचून जाऊन सांगायचं, आणि सर "व्हय?" म्हणतात.

पुढचं समजून घ्यायला फार अक्कल लागत नाही. अहवालात अग्निहोत्री सरांनी लिहिलंय की 'विद्यार्थ्यांमध्ये वाचनाची आवड निर्माण झाली.' काहीही निर्माण झालं नाही. आवड निर्माण झाली ती शिक्षकाला न येणारी गोष्ट आपल्याला येण्याची. पाचवीपासून आठवीपर्यंत ज्यांना रोज कुणी ना कुणी "एवढंही येत नाही?" म्हणत होतं, त्यांना असा एक सर सापडला ज्याला हे म्हणता येत होतं. पोरं तुटून पडली. सर अर्धं सांगायचे, साकु म्हणायचे. पोरं पुस्तक घेऊन जायची आणि दोन दिवसांनी सरांच्या तोंडावर शेवट फेकायला यायची.

सरांनी रजिस्टरात पट्टीने एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, 'शेवट'. सहाशे चौदापुढे सुवाच्य अक्षरात, 'बोकड'. त्याच्या खाली, 'आई जिवंत होती'. त्याच्या खाली, 'नकाशा खोटा, पण विहीर खरी'.

सातवीतल्या अभिमन्यूने तर कहर केला. याचे वडील चिंचोळी एमआयडीसीत मशीन चालवायचे आणि हा स्वतः आजवर गाडीच्या नंबरप्लेटपलीकडे काही वाचत नसे. त्याने एकशे ब्याण्णव पानांचं पुस्तक संपवलं आणि येऊन गप्प बसून राहिला.

"सांग की," सर म्हणाले.

"सांगतो. पण आधी तुमी सांगा, नखं बघणार न्हाय म्हणून."

"नखं बघनं नियमात हाय."

"मग ऱ्हाऊ द्या. जातो." दारापर्यंत गेला. वळला. "भारी हाय पण सर शेवट. लई भारी. तुमाला वाटलं पण न्हवतं."

"ए. थांब."

"नखं?"

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. "एका महिन्यापुरती सूट," ते म्हणाले. असा पडला सोलापुरातला सर्वात जुना नखांचा कायदा.

या दिवसांत महादेवीकाकूंना रोज जेवताना एक शेवट ऐकायला मिळायचा, आणि त्या म्हणायच्या, "मग तुमीच का वाचंना ओ, पोरांना कशाला पिडताय?" सर म्हणायचे, "तत्त्व." पण घास तोंडात असताना म्हणायचे, आणि हसू आवरायचं नाही.

चौदा ऑक्टोबरला नोंदी झाल्या दोनशे सहा.

पंधराला दुपारी दीड वाजता तांदळाचा टेम्पो आला. अग्निहोत्री सरांनी सरळ सांगून टाकलेलं, की पोती ग्रंथालयाच्या दारातच उतरवा, निकाल काय लागायचा तो लागेल. पोती व्हरांड्यात उभी राहिली. अग्निहोत्री सर आत आले. खोलीत तीसेक पोरं दाटीवाटीने, पुस्तक परत द्यायला आलेली. त्यांनी रजिस्टर घेतलं, पानं उलटली, शेवटचा रकाना वाचला.

"दोनशे सहा. मी खूश आहे का? आहे. पण मला एक शंका आहे. ती काय आहे? बिराजदार, ही पुस्तकं तुम्ही पूर्ण वाचली आहेत का?"

"न्हाय सर. अर्धी."

"का ते मी विचारणार आहे का? नाही, मला कळलंय ते. आता सांगा, पोरगं येतं, शेवट म्हणून काहीतरी सांगतं, तुम्ही लिहून घेता. तो खरा कशावरून? पोरं पुस्तक घरी नेतात, दप्तरात ठेवतात, परत आणतात. याला वाचन म्हणतात का? याला वाहतूक म्हणतात."

चौदा वर्षांचं तत्त्व फिरून सरांच्याच पायात आलं होतं. पूर्ण वाचलं असतं तर एका वाक्यात उत्तर देता आलं असतं. त्यांनी फडकं उचललं, ठेवलं.

"खोटं असलं तर मला कळतंय सर," ते हळू आवाजात म्हणाले.

"कसं?"

सर उत्तर देणार तेवढ्यात आठवी ब मधला एक मुलगा मधे तडमडला. प्रस्तुत लेखक तो. सगळ्या शिक्षकांच्या नकला करणे हा त्याचा शाळेतला एकमेव लौकिक. बिराजदार सरांचं 'साकु' तो इतकं हुबेहूब करायचा, की एकदा पळणारं पोरगं खरोखर थांबलं होतं. त्याच्या हातात एक हजार सदतीस नंबर होता. आपण मनातला शेवट सांगणार आणि सर मान डोलावून लिहून घेणार, हे त्याने वर्गाला आधीच सांगून ठेवलेलं.

"सर, पैज लावता?" तो म्हणाला. "मी एक हजार सदतीसचा शेवट सांगतो. खरा का खोटा, तुम्ही ओळखायचं. चुकलात तर रकाना खोटा."

"आन् तू हरलास तर?"

"तुम्ही म्हणाल ते."

अग्निहोत्री सरांचे डोळे चमकले. "शाळेत पैज चालते का? चालत नाही. पण हे काय आहे? हा उपक्रम आहे. सुरू करा."

एक हजार सदतीसमध्ये शाळेची घंटा चोरीला जाते. पट्टीपर्यंतची गोष्ट अशी, की एक पोरगा कोरड्या विहिरीत उतरतो आणि तळाशी त्याला काहीतरी चमकताना दिसतं. पुढचं प्रस्तुत लेखकाने सांगितलं. ती घंटाच होती, आणि ती म्हाताऱ्या शिपायाने लपवली होती, कारण निवृत्तीनंतर दुसऱ्या कुणी ती वाजवावी हे त्याला सहन होत नव्हतं. शिपायाचा कापरा आवाज, हेडमास्तरांचा खर्जातला, विहिरीच्या काठावरून रडणारी पोराची आई. शेवटी शिपाई सर्वांसमोर एकदाच घंटा वाजवतो. टण्ण. दानेश्वरीने टाळ्या वाजवल्या. अग्निहोत्री सर म्हणाले, "छान."

बिराजदार सर डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी डोळे उघडून लेखकाच्या हातातल्या पुस्तकाची कोरी कड बघितली.

"खोटं," ते म्हणाले.

"कशावरून?" लेखक आणि अग्निहोत्री सर एकदमच म्हणाले.

सरांनी आधी कपाटातून सहाशे चौदा काढलं आणि पट्टीच्या पलीकडे उघडून मुख्याध्यापकांपुढे धरलं.

"मी अक्षर बघत न्हाय सर, डाग बघतो. ही बघा, एकशे चारवर हळद. एकशे एकवीसला शेंगाचटणी. आन् हे दुसरं, अभिमन्यूनं नेल्यालं पुस्तक, दीडशेपासून पुढं सगळीकडं काळा अंगठा. चौदा वर्षं ह्या बाजूला एक डाग न्हवता. जिवाला लई लागतंय सर, पण वाचल्याबिगर डाग पडत न्हाय. रोज परत घेताना डाग बघतो, आन् मगच शेवट लिहितो."

मग त्यांनी लेखकाकडे हात केला. "दे."

एक हजार सदतीस हातात घेऊन त्यांनी शेवटाकडची पानं अंगठ्याखालून सोडली. ती फडफडलीच नाहीत. एक गठ्ठा तसाच उभा राहिला. छापखान्यात त्याची वरची घडी कापायचीच राहून गेली होती. शेवटची सोळा पानं वरून एकमेकांना जोडलेली, लिफाफ्यासारखी बंद.

"हे तर अजून कुनी उघडलंच न्हाय," सर म्हणाले. "तू वाचलास कुटनं रे? फटीतनं?"

तीस पोरं हसली. ते हसू अजून कानात आहे म्हणतात. अग्निहोत्री सरांनी पुस्तक घेतलं, पानं ओढून बघितली, परत दिलं. रजिस्टर मिटलं, त्यावर तिरकी सही केली. बाहेर जाऊन हमालांना म्हणाले, "पोती कुठे न्यायची? होती तिथे न्यायची." त्यांच्या आवाजावरून वाटत होतं, की उंदरांचं काय करायचं हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच उत्तराशिवाय पडला आहे.

खोली राहिली. सर मात्र अर्धवेळच राहिले, अजूनही आहेत, आणि पुस्तकंही अर्धीच वाचतात. या माणसाला जिंकूनसुद्धा शहाणपण आलं नाही. पण ते पुढचं. त्या दुपारी अडीचला वीस मिनिटं होती. त्यांनी टेबलाच्या खणातून लोखंडी फूटपट्टी काढली, एक हजार सदतीस नंबरसकट ती लेखकापुढे ठेवली आणि पैजेची वसुली सांगितली.

"काप. आन् वाच. हितंच, उभं ऱ्हाऊन, सोळाच्या सोळा. मोठ्यानं."

लेखकाने घडी कापली, घसा साफ केला, आणि शिपायाच्या कापऱ्या आवाजात पहिलं वाक्य सुरू केलं.

"अं हं," सर म्हणाले. "नकला न्हाय. शिपाई न्हाय, हेडमास्तर न्हाय, मी बी न्हाय. तुझ्या आवाजात."

समोर दानेश्वरी, अभिमन्यू आणि बाकीची अठ्ठावीस. लेखकाने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. आठवी ब मधल्या त्या मुलाचा स्वतःचा आवाज तोपर्यंत शाळेत कुणी ऐकला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यानेही नाही.